‘शझॅम’ इतका का भावतो? मानलेल्या नात्यांचा हलकाफुलका सुपरहिरोपट

वैदर्भी
सुपरहिरोंचे सिनेमे मी भरपूर पाहते, पण पुन्हा पुन्हा लावावासा वाटतो तो डेव्हिड सँडबर्गचा ‘शझॅम’. २०१९ च्या एप्रिलमध्ये, ऐन नागपुरी उन्हाळ्यात आला होता. तेव्हा बरेच जण थिएटरच्या एसीसाठी गेले आणि सिनेमा आवडून बाहेर आले.

पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. फिलाडेल्फियातला चौदा वर्षांचा बिली बॅट्सन. लहानपणी जत्रेत आईपासून हरवला. तेव्हापासून सरकारी व्यवस्थेतून या घरातून त्या घरात जातोय आणि प्रत्येक घरातून पळून आईला शोधतोय. शेवटी व्हिक्टर आणि रोझा व्हास्केझ या जोडप्याकडे येतो. तिथे आधीच पाच पोरं आहेत, कुणी कुणाचं रक्ताचं नाही. मग एक म्हातारा जादूगार त्याला शक्ती देतो. ‘शझॅम’ म्हटलं की हा पोरगा लाल कपड्यांतला धिप्पाड बाप्या होतो, पण डोकं चौदा वर्षांचंच राहतं.

माझं मत असं की सिनेमा जमलाय तो घर आधी आणि शक्ती नंतर आल्यामुळे. बिलीकडे काहीच नसताना ते लोक त्याला जागा देतात. पुढे तो उडतो, गोळ्या झेलतो, पण घरातली त्याची किंमत त्याने वाढत नाही की कमी होत नाही. बाकीच्या सिनेमांत आधी पराक्रम दाखवावा लागतो, मग टोळी आपलं म्हणते.

तुम्हाला काय वाटतं? तुमच्यासाठी नेमकं काय काम करून गेलं?

तर्रीबाज
ताई, माझ्यासाठी काम करून गेला तो फ्रेडी, बिलीचा त्या घरातला मानलेला भाऊ. बिलीले शक्ती भेटली तर हा लंगडा पोट्टा सुरुवातीला जळत बसत नाही! सगळ्या चाचण्या घेऊन राहिला. आग लागते का, गोळी लागते का, उडता येते का. आन् मोठ्या माणसाचं शरीर भेटल्यावर दोघं पहिलं काय करतात? दुकानात बियर घेतात, एक घोट घेऊन थुकतात आन् परत जाऊन चॉकलेट-चिप्स उचलून आणतात. हॉल पुरा हसून राहिला होता बे.

पडद्यामागे
मी जरा उलट बोलतो. मला सिनेमा ठीकठाक वाटला. लहान पोरगा अचानक मोठ्या शरीरात ही कल्पना १९८८ च्या ‘बिग’मध्ये टॉम हँक्सने करून ठेवलीय. ‘शझॅम’वाल्यांनाही ते ठाऊक आहे, म्हणून खेळण्यांच्या दुकानात ‘बिग’मधल्यासारखाच जमिनीवरच्या मोठ्या पियानोवर पाय पडतो. कुटुंबाचा मसाला वरून घातला की प्रेक्षक हळवा होतो. शेवटची मारामारी तर इतकी लांब की मध्येच चहा करून आलो.

वैदर्भी
मारामारी लांब आहे, मान्य. पण ‘वरून घातला’ म्हणता तिथे माझं जुळत नाही. ‘बिग’मधल्या पोराला घर आहे, आई आहे, त्याला परत जायचंय. बिलीला परत जायला काहीच नाही. मोठं होण्याची गंमत दोघांचीही, पण एकाच्या पायाखाली जमीन आहे आणि दुसऱ्याच्या नाही. म्हणूनच बिली शक्तीचा उपयोग सुरुवातीला फोटो काढून पैसे मिळवायला आणि शाळा बुडवायला करतो. जबाबदारी घ्यावी असं त्याचं कुणी नाही, असं तो धरूनच चाललेला असतो.

धंतोलीचे_आजोबा
थोडा इतिहास सांगतो, कारण कुटुंब हा मसाला वरून पडलेला नाही.

हे पात्र १९४० साली फॉसेट या प्रकाशनाच्या ‘व्हिझ कॉमिक्स’मध्ये आलं. लेखक बिल पार्कर, चित्रकार सी. सी. बेक. त्याचं नाव तेव्हा होतं कॅप्टन मार्व्हल. चाळीसच्या दशकात खपाच्या बाबतीत त्याने सुपरमॅनलाही मागे टाकलं होतं. सुपरमॅनच्या मालकांनी, म्हणजे डीसी कॉमिक्सने, नक्कल म्हणून खटला भरला, तो वर्षानुवर्षं चालला आणि १९५३ मध्ये फॉसेटने ही कॉमिक्स बंदच केली. पुढे त्याच डीसीने १९७२ मध्ये परवाना घेऊन पात्र परत आणलं. तोवर कॅप्टन मार्व्हल हे नाव मार्व्हल कंपनीकडे गेलेलं होतं, म्हणून १९७३ पासून मासिकाच्या अंकावर मंत्रच छापला गेला. शझॅम म्हणजे सॉलोमन, हर्क्युलिस, ॲटलास, झ्यूस, अकिलीस आणि मर्क्युरी यांची आद्याक्षरं.

आता मुद्दा. १९४१ मध्येच फ्रेडी आला. खलनायकाने त्याला कायमचा पांगळा केला आणि त्याचा जीव वाचवायला नायकाने आपल्या शक्तीचा वाटा त्याला दिला. १९४२ मध्ये मेरी आली. म्हणजे एकाची शक्ती वाटून कुटुंब करायचं, ही या पात्राची ऐंशी वर्षांची सवय आहे. यूजीन, पेड्रो आणि डार्ला ही घरातली बाकीची भावंडं मात्र २०११ नंतरच्या जेफ जॉन्स आणि गॅरी फ्रँक यांच्या कथेतून सिनेमात आली.

जुन्या कॉमिक्समध्ये मेरी बिलीची सख्खी जुळी बहीण होती. नव्या कथेत ते रक्ताचं नातं काढून टाकलं. माझ्या मते सिनेमाला सगळ्यात मोठी मदत त्या एका निर्णयाची झाली.

तर्रीबाज
आजोबा, दंडवत! हे आमाले कोणी सांगितलंच नव्हतं.

ऊर्मिला_मनीषनगर
आईच्या प्रसंगावर अजून कोणीच कसं बोललं नाही?

बिली तिला शोधत वर्षं काढतो. हातात ते खेळण्यातलं होकायंत्र, जत्रेत तिनेच जिंकून दिलेलं. त्याचा समज असा की होकायंत्र पडलं, ते उचलायला तो धावला आणि हरवला, म्हणजे चूक त्याची. यूजीन त्याला आईचा पत्ता शोधून देतो. दार उघडतं आणि कळतं की ती त्याला शोधतच नव्हती. जत्रेत पोलिसांजवळ तो उभा दिसला होता. सतरा वर्षांची होती, तिला वाटलं की हा इथेच बरा, आणि ती निघून गेली. तो जाताना होकायंत्र तिच्या हातात ठेवतो, तर तिला ते आठवतसुद्धा नाही.

या प्रसंगात एकही विनोद नाही. इतका वेळ हसवणारा सिनेमा इथे हसवायला साफ नकार देतो. आणि ती बाईही दुष्ट दाखवली नाही. थकलेली आहे, घरातून कुणीतरी पुरुष ओरडतोय, तिचं स्वतःचंच काही धड नाही. मी दोन पोरांची आई आहे, मला तिचा राग येईना आणि तिला माफही करवेना.

अभंग_वाचक
ऊर्मिलाताई, या प्रसंगात मला कर्ण आठवला, पण उलटा. बिली आईच्या दारात जातो, कर्णाच्या दारात आई येते.

उद्योगपर्वात कृष्ण आधी कर्णाला गाठतो. तू कुंतीचा थोरला, चल, पांडव तुझे पाय धरतील, राज्य तुझं. कर्ण जे उत्तर देतो ते काढून वाचा. तो सांगतो, राधेला माझ्या मायेने पान्हा फुटला, तिने माझी हगणीमुतणी काढली, अधिरथाने माझे संस्कार केले, मी त्यांचा पिंड कसा तोडू. राज्याच्या बदल्यात तो बाळपणातल्या ओल्या दुपट्यांचा हिशेब मांडतो. मानलेल्या नात्याची बाजू इतक्या रोखठोक शब्दांत दुसरीकडे कुठे मांडलेली माझ्या वाचनात नाही.

म्हणून ‘निवडलेलं कुटुंब’ ही हॉलिवूडची नवी टूम आहे असं म्हणणाऱ्यांशी मी भांडतो. यशोदेच्या देशात आपण राहतो.

पडद्यामागे
कर्णाचा शेवट काय झाला तेही सांगा मग. राधेय राहिला म्हणून तो मेला. ‘शझॅम’मध्ये सगळं गोड होतं, हाच माझा आक्षेप आहे.

अभंग_वाचक
कर्ण मेला तो दुर्योधनाशी बांधला गेल्यामुळे. राधेच्या घराने त्याचं काहीही वाकडं केलं नाही. दोन्ही एकात घालू नका.

सक्करदरा_चौक
इथे सहसा लिहीत नाही, वाचतो. पण या धाग्यावर लिहावंसं वाटलं.

मी बालगृहात वाढलो. संस्थेचं नाव घेत नाही. तिथे मारहाण नव्हती, पण रात्रीच्या जेवणात उशीर झाला तर संपलं म्हणजे संपलं. दहाव्या वर्षी एका शिक्षक कुटुंबाने मला सांभाळायला नेलं. सक्करदऱ्यात दोन खोल्यांचं घर, त्यांचे स्वतःचे दोन मुलगे.

पहिल्या संध्याकाळी काकू म्हणाल्या, “बाबू, ताटं घे.” मी चार घेतली. काका, काकू, दोघं भाऊ. काकूंनी पोळी लाटतालाटता पाहिलं आणि म्हणाल्या, “तुह्यं कुठं हाय?” मी परत जाऊन पाचवं आणलं. कुणी काही बोललं नाही, कुणी डोक्यावरून हात फिरवला नाही. त्यानंतर कितीतरी महिने मी कपडे कपाटात ठेवत नव्हतो, पिशवीतच ठेवायचो, चेन लावून. काकूंना दिसायचं. त्यांनी कधी पिशवी रिकामी केली नाही. कपाटातला एक खण मात्र मोकळा ठेवला, त्यात दुसरं काही ठेवू दिलं नाही. धाकटा भाऊ त्यात क्रिकेटचा चेंडू ठेवायचा तर त्याला ओरडा बसायचा.

सिनेमात जेवणाच्या टेबलावर सगळे हातावर हात ठेवतात तो प्रसंग आहे. बिली पहिल्यांदा हात देत नाही. व्हिक्टर-रोझा आग्रह करत नाहीत, जेवण सुरू होतं. लोकांना तो प्रसंग साधा वाटत असेल. मला माहीत आहे की तो हात न मागणं किती अवघड असतं. आपण एवढं करतो आणि पोरगं साधा हातही देत नाही, असं मोठ्यांच्या मनात येतंच. व्हिक्टर आणि रोझा स्वतः अशाच घरांतून वाढलेले दाखवलेत, म्हणून त्यांना घाई नाही.

आणि डार्ला. ती सगळ्यात छोटी, आल्या आल्या मिठी मारते. बिली आखडतो. मीही असाच आखडायचो.

वैदर्भी
सक्करदरा_चौक, तुम्ही लिहिलंत, बरं वाटलं. तो मोकळा खण डोक्यातून जात नाहीये.

ऊर्मिला_मनीषनगर
काकूंना माझा नमस्कार सांगा.

सक्करदरा_चौक
नक्की सांगतो. सध्या मोठ्या भावाकडे वर्धेला आहेत, गुडघे दुखतात पण तोंड तसंच खणखणीत आहे.

कलम_चव्वेचाळीस
बालहक्कांच्या क्षेत्रात काम करते, म्हणून थोडी माहिती. विषय निघालाच आहे आणि कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

सिनेमातली व्यवस्था अमेरिकेतली आहे. आपल्याकडे किशोर न्याय कायदा २०१५ च्या कलम ४४ मध्ये मूल तात्पुरतं एखाद्या कुटुंबात सांभाळायला देण्याची सोय आहे. निर्णय जिल्ह्याची बाल कल्याण समिती घेते. केंद्राच्या २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार ३५ ते ६० वर्षांची एकटी व्यक्तीही मूल सांभाळायला घेऊ शकते (एकट्या पुरुषाला मुलगी दिली जात नाही). पूर्वी पाच वर्षं सांभाळल्यावर त्याच मुलाला दत्तक घेण्याचा विचार व्हायचा, आता दोन वर्षांनी होऊ शकतो. महाराष्ट्रात याशिवाय क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, तिच्यात मुलामागे महिना २२५० रुपये मिळतात.

सिनेमाबद्दल माझी तक्रार एवढीच की कागद, तपासणी, घरभेटी यातलं जवळपास काहीच दिसत नाही. प्रत्यक्षात व्हिक्टर-रोझासारख्या लोकांचा अर्धा जीव त्यातच जातो. पण एक गोष्ट त्यांनी अचूक पकडलीय. बिली पळून जातो तेव्हा घरचे रागावण्याआधी काळजीत पडतात. नवीन पालकांच्या प्रशिक्षणात हे समजावताना आमची दमछाक होते, इथे ते एका चेहऱ्यावर दिसतं.

तर्रीबाज
आपल्या इकडंच पाहा ना. अचलपूरजवळ वझ्झरले शंकरबाबा पापळकर आहेत. टाकून दिलेली दिव्यांग लेकरं सांभाळली, सगळ्याईले बाप म्हणून आपलं नाव देलं, लग्नं लावून देली. २०२४ मध्ये पद्मश्री भेटली. त्याईले कोणता मंतर लागला? आन् आपल्या नागपुरात विजय बारसे सर. हिस्लॉप कॉलेजचे मास्तर, २००१ मध्ये पावसात पोट्टे फुटक्या बादलीनं फुटबॉल खेळताना दिसले अन् त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभा झाला. त्याच्यावरच नागराज मंजुळेनं २०२२ मध्ये ‘झुंड’ काढला, शूटिंग इथंच झालं.

गड्डीगोदाम_गोलकीपर
‘झुंड’चं नाव आलं की मी येणारच. शूटिंग पाहायला गर्दी अशी की घरी जायला वाट नव्हती. पण खरंच, त्या पोरांची एकमेकांना शिव्या देत सांभाळून घ्यायची जी तऱ्हा आहे ना, तीच फ्रेडी आणि बिलीमध्ये आहे. गोड बोलणारी भावंडं मला पडद्यावर पटतच नाहीत.

तर्रीबाज
बरोबर! आन् सामना जिंकल्यावर सावजीच पाहिजे, पनीर नाही.

गड्डीगोदाम_गोलकीपर
पनीरवाल्यांना या धाग्यातून काढा.

ऊर्मिला_मनीषनगर
पनीरवाली मीच आहे, आणि मी काही जात नाही. विषयावर या.

विज्ञान_शाखा
खलनायक सिवानाबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. सिनेमाची सुरुवात बिलीपासून होतच नाही. १९७४ सालच्या एका गाडीपासून होते. मागच्या सीटवर छोटा सिवाना, हातात भविष्य सांगणारा काळा चेंडू. पुढे बाप आणि भाऊ, दोघं मिळून त्याला हिणवतायत. जादूगार त्याला बोलावतो, परीक्षेत तो नापास होतो, परत गाडीत येतो, अपघात होतो, आणि बाप जखमी अवस्थेतही खापर त्याच्यावरच फोडतो.

सिवानाला रक्ताचं घर होतं, मोठं, श्रीमंत. त्याच घराने त्याला आतून रिकामं केलं. बिलीकडे होकायंत्र, सिवानाकडे तो चेंडू. बिली होकायंत्र देऊन टाकतो आणि सुटतो. सिवाना मोठेपणी पहिली शक्ती मिळताच भावाला आणि बापाला मारायला जातो, म्हणजे पन्नाशीतही तो त्याच गाडीत बसलेला असतो.

आणि शक्तीचं दोघं काय करतात ते बघा. सिवाना आणखी मागतो. बिली कुटुंब धोक्यात आल्यावर ती भावंडांना वाटून टाकतो. वैदर्भीताई, तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण माझ्या मते सिनेमा उभा आहे तो या वाटपावर.

पडद्यामागे
हे पटलं. मला तर शेवटच्या मारामारीतला विनोदही आता वेगळा दिसतोय. सिवाना आकाशात दूर तरंगत मोठं खलनायकी भाषण ठोकतो आणि शझॅमला त्यातलं अवाक्षर ऐकू येत नाही. तेव्हा फक्त हसलो होतो. आता वाटतं, या माणसाचं आयुष्यात कुणी कधी ऐकूनच घेतलं नाही. इथेही तेच.

विज्ञान_शाखा
अगदी. इथला प्रत्येक मोठा विनोद कुठल्या तरी दुखऱ्या जागेवर बसलाय. म्हणून हलका असूनही पोकळ वाटत नाही.

धंतोलीचे_आजोबा
दुसरा भाग, २०२३ चा, का फसला याचं उत्तरही यातच सापडेल का? पहिल्याने जगभरात साडेतीनशे दशलक्ष डॉलरच्या वर कमावले, दुसरा त्याच्या निम्म्यालाही पोचला नाही.

वैदर्भी
आजोबा, माझं उत्तर असं की दुसऱ्या भागात घराची टीम झाली. सगळे उडतात, सगळे लढतात, टेबलावर बसून भांडायला कुणाला वेळ नाही. त्यात एक फार चांगला धागा होता. बिली अठराचा होत आलाय आणि वय उलटलं की व्यवस्थेतून बाहेर पडावं लागेल या भीतीने सगळ्यांना धरून ठेवतोय. कलम_चव्वेचाळीस, ही भीती खरी असते ना?

कलम_चव्वेचाळीस
अगदी खरी. अठरा पूर्ण झाले की पुढे काय, हा प्रश्न आमच्याकडची पोरं पंधराव्या वर्षापासून विचारायला लागतात. अठरानंतर राहायला अनुरक्षण गृहं आहेत, पण सगळ्यांना पुरत नाहीत. सिनेमाने त्या भीतीवर पूर्ण गोष्ट रचली असती तर मी तीनदा पाहिला असता. त्यांनी ड्रॅगन आणला.

सक्करदरा_चौक
मूळ प्रश्नावर येतो. का भावतो?

जादूगार मनाने शुद्ध माणूस शोधत असतो आणि त्याला तो सापडत नाही. बिली त्याला सरळ सांगतो की मी तसा नाही, तसं कुणी असेल असंही वाटत नाही. तरी शक्ती त्यालाच मिळते, कारण म्हाताऱ्याकडे वेळ उरलेला नसतो. सांभाळायला घेतलेल्या प्रत्येक पोराच्या डोक्यावर हे ओझं असतं की आपण चांगलंच वागलं पाहिजे, नाहीतर परत पाठवतील. बिली खोटं बोलतो, पळतो, फ्रेडीला शाळेत तोंडघशी पाडतो, भांडतो. त्याला कुणीही परत पाठवत नाही. माझ्यासाठी सिनेमा हा आहे. बाकी उडणं-बिडणं छान आहे, पाहायला मजा येते.

ऊर्मिला_मनीषनगर
मी पोरांना या शनिवारी दाखवणार आहे. धाकटा सात वर्षांचा, मोठी बारा. चालेल ना?

कलम_चव्वेचाळीस
मोठीला चालेल. धाकट्यासाठी जरा जपून. सिवाना बापाच्या कंपनीच्या बैठकीत राक्षस सोडतो तो प्रसंग चांगलाच भीतीदायक आहे. दिग्दर्शक मुळात भयपटांतला आहे, ते तिथे दिसतं. तेवढा भाग पुढे ढकला.

तर्रीबाज
हिंदी डबिंग बी आहे ताई, धाकट्याले सोपं जाईल. आन् जेवायले पनीर करा, आमी माफ केलं.